'मेंढा' हे नाव कुणाचं

वर्कमेन्स इन्स्टिट्यूट,
कुमहेलिग, साउथ वेल्स
१० फेब्रुवारी १९५८

प्रिय श्री. ग्विलिम प्यू,

येत्या जुलैत कार्डिफला एम्पायर गेम्स भरणार आहेत, हे आपल्या कानावर आलंच असेल. त्या निमित्तानं आमच्या कमिटीला अचानक जाग आली. इन्स्टिट्यूटच्या भिंतीवर बिलियर्ड्सच्या विजेत्यांचा फलक आहे, गायकवृंदाचा आहे, इतकंच काय, सगळ्यात मोठा कोबी पिकवणाऱ्यांचाही आहे. पण ज्या बॉक्सरांमुळे गावाचं नाव लंडनच्या पेपरात आलं, त्यांचा नाही. तो आता होतो आहे. अनावरण २८ जूनला, शनिवारी दुपारी तीन वाजता.

फलकावर चार नावं असतील. सोनेरी अक्षरांत नाव, किताब, साल आणि टोपणनाव. टोपणनावाखाली एक ओळ, ते कशावरून पडलं याची. ही ओळ असावी हा हट्ट माझा. नुसतं 'खडू' लिहिलं तर पन्नास वर्षांनी पोरं विचारतील, हा काय मास्तर होता का? टॉमी रीस जन्मभर खाणीत राहून पांढराफटक पडला होता म्हणून तो 'खडू', हे लिहिलेलं बरं. एबेनेझर व्हॉन 'आमेन', कारण वडील चॅपलचे डीकन होते आणि दर फेरीची घंटा वाजली की हा सवयीनं आमेन म्हणायचा. जेंकिन हॉवेल 'उशिरा', कारण तो स्वतःच्या लग्नालाही चाळीस मिनिटं उशिरा आला. त्याच्या बायकोनं ही ओळ स्वतः तपासून दिली आहे.

चौथे आपण. ग्विलिम प्यू, 'मेंढा', ब्रिटिश लाइटवेट विजेता, १९३२ ते १९३४. आपल्या नावाखालची ओळ मात्र कमिटीत कुणाला ठाम सांगता येईना. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. तरी आपणच कृपा करून कळवावं: आपल्याला 'मेंढा' का म्हणत?

आपली,
श्रीमती एम. प्रॉसर
सचिव, फलक समिती


स्लाव
१९ फेब्रुवारी १९५८

प्रिय सचिवबाई,

तुमचं पत्र मिळालं. फार बरं वाटलं. माझा हात हल्ली दुखतो, म्हणून मी सांगतोय आणि माझी सून बेरिल लिहून घेतेय. अक्षर चांगलं असेल तर श्रेय तिचं, चुका असतील तर त्याही तिच्याच. (हे तिनं नाक मुरडत लिहिलंय.)

'मेंढ्या'ची गोष्ट सोपी आहे. कार्डिफच्या माझ्या पहिल्या मोठ्या लढतीला एक वार्ताहर बसला होता. मी मान खाली घालून, खांदे आवळून आत घुसायचो. दुसऱ्या दिवशी त्यानं छापलं, 'डोंगरातून एक मेंढा उतरला आहे.' झालं! तिथून पुढे मी मेंढाच. लिव्हरपूलला एका खाटकानं कपडे बदलायच्या खोलीत मटणाची अख्खी मांडी पाठवली होती, सोबत चिठ्ठी: 'तुमच्या भावाकडून.' तिथली पोरं मी दिसलो की बें बें करून ओरडायची. लंडनला एक म्हातारा दर लढतीला खरं शिंग घेऊन यायचा आणि मी जिंकलो की फुंकायचा. हरलो तेव्हाही त्यानं फुंकलं. सवय, दुसरं काय!

तेव्हा ओळ अशी लिहा: 'मान खाली घालून घुसायचा म्हणून.' छोटी आहे, सोन्याचा रंगही कमी लागेल.

मी इकडे, लंडनजवळ स्लावला, चौतीसच्या अखेरीस आलो. वीस वर्षांहून जास्त काळ एका कारखान्याच्या फाटकावर होतो. बायको गेली, मुलगा रॉनी आणि बेरिल मला सांभाळतात. गाव कसं आहे? पुलाजवळची बेकरी आहे का अजून? अनावरणाला यायचं म्हणाल तर प्रवास झेपणार नाही, पण फलकाचा फोटो पाठवा. बेरिलला बघायचाय.

आपला,
ग्विलिम प्यू
(मेंढा)


११, बेथेल रस्ता,
कुमहेलिग
१ मार्च १९५८

ग्विलिम प्यू,

आज सेंट डेव्हिडचा दिवस, शाळांना सुटी, इन्स्टिट्यूट बंद. म्हणून हे पत्र सचिव म्हणून नाही, घरून लिहिते आहे. 'आपण' वगैरे पुरे झालं.

तुझी ओळ मी कमिटीपुढे वाचली. सगळे हसले. मान खाली घालून घुसणाऱ्याला पंच तिसऱ्या फेरीत बाहेर काढतात, हे आमच्यातल्या बिलियर्ड्सवाल्यांनाही ठाऊक आहे. आणि वार्ताहराचं म्हणशील, तर कार्डिफच्या त्या लढतीचं पोस्टर इन्स्टिट्यूटच्या कपाटात आहे. लढतीच्या दहा दिवस आधी छापलेलं. त्यावर 'मेंढा' ठळक अक्षरात आहे. वार्ताहरानं दुसऱ्या दिवशी दिलेलं नाव दहा दिवस आधी छापणारा छापखाना मला तरी माहीत नाही.

आता खरी गोष्ट मी सांगते, तू ऐक. या गावात निम्मे लोक प्यू आणि त्यातले निम्मे ग्विलिम. म्हणून तर प्रत्येकाला टोपणनाव लावावं लागतं, नाहीतर एकाचं औषध दुसऱ्याच्या घरी जायचं. १९१८ सालच्या एका रविवारी डोंगरावरची मेंढरं नेहमीसारखी रस्त्यात उतरली आणि दारोदारच्या राखेच्या बादल्या उलथ्या करत सुटली. नऊ वर्षांच्या एका मुलानं त्यातल्या मेंढ्याची शिंगं धरली. मेंढा पळाला. मुलानं शिंगं सोडली नाहीत. सगळं गाव रविवारच्या कपड्यांत चॅपलच्या पायऱ्यांवर उभं होतं आणि मेंढ्यानं त्याला बेथेल रस्ताभर फरफटत नेलं, तरी सोडली नाहीत. गुडघे सोलले, चड्डी फाटली, पाद्रीसाहेबांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून तो मुलगा ग्विल मेंढा.

तो मुलगा तू नव्हतास. तो माझा भाऊ. मी मार्गेड, अकरा नंबरची, लग्नानंतर प्रॉसर. आठवतेय?

अठ्ठावीस वर्षं मी गप्प बसले, कारण गावाला विजेता मिळाला होता आणि भाऊही काही बोलत नव्हता. पण तू आता सोनेरी अक्षरांत खोटं लिहायला सांगतो आहेस. नोव्हेंबर चौतीसमध्ये खाणीचं छत पडून तो गेला. पंचवीस वर्षांचा होता. त्याच्या नावावर तू किताब मिळवलास आणि त्याच्या मातीला आला नाहीस. फूल नाही, चिठ्ठी नाही. सगळं गाव होतं, तू नव्हतास.

हे नाव तुझ्याकडे कसं आलं ते तुझ्या तोंडून मला ऐकायचं आहे.

मार्गेड


स्लाव
१२ मार्च १९५८

मार्गेड,

तुझं पत्र बेरिलनं वाचून दाखवलं. वाचताना दोनदा थांबली. मी म्हटलं, वाच, आपण मागितलंय ते मिळतंय.

तू मार्गेड आहेस हे माहीत असतं तर मी ते वार्ताहराचं रामायण लिहिलंच नसतं. मला वाटलं, कुणी नवीन सचिवबाई असेल, बाहेरगावची. इतक्या वेळा सांगितलीय ती गोष्ट की आता मलाच खरी वाटते.

खरं सांगतो. १९३० च्या जूनमध्ये आमच्या घरी एक पत्र आलं. पाकिटावर घर नंबर नव्हता, नुसतं 'ग्विलिम प्यू, मेंढा, कुमहेलिग'. आत कार्डिफला लढती भरवणाऱ्या प्रवर्तकाचं बोलावणं: 'व्हिट सोमवारी इन्स्टिट्यूटच्या आवारात तुमची लढत आमच्या माणसानं पाहिली. शनिवारी या.' त्या व्हिट सोमवारी, सणाच्या सुटीत, मी चॅपलच्या सहलीबरोबर बॅरीच्या किनाऱ्यावर आईस्क्रीम खात होतो. आणि मला कोण मेंढा म्हणायचं! आमची आई दारोदार लोणी विकायची, टोपली मी धरायचो. मला सगळं गाव 'लोणी' म्हणायचं. 'ए लोण्या, वितळशील, सावलीत चल!' आठवत असेल तुलाही.

पत्र माझं नाही हे पहिल्या ओळीतच कळलं. ल्यू पोस्टमन म्हातारा झाला होता, चष्मा बदलायचा कंटाळा करायचा, त्यानं चुकीच्या प्यूकडे टाकलं. मला ते तुमच्या दारात नेऊन द्यायला चार मिनिटं लागली असती. मी नेलं नाही. आम्ही चार भाऊ, दोघांना काम नव्हतं, खाण आठवड्यातून तीन दिवस चालायची. मी थोडंफार खेळायचो, हात बरा होता. म्हटलं, एकदा जाऊन बघू. ज्या माणसानं तुझ्या भावाला पाहिलं होतं तो तोवर नोकरी सोडून गेला होता. पोस्टरं छापून तयार होती. मी दारात उभा राहिलो तेव्हा प्रवर्तक म्हणाला, 'मेंढा तूच का?' मी म्हटलं, 'हो.' एवढंच. चौथ्या फेरीत जिंकलो.

त्यानंतर तुझा भाऊ मला पुलावर भेटला. खांद्यावर पिशवी, पाळीला निघाला होता. म्हणाला, 'काय रे लोण्या, मेंढा झालास म्हणे?'

मी म्हटलं, 'ग्विल, पत्र तुझं होतं. मी त्यांना सांगतो. पुढच्या वेळी तू जा.'

'पोस्टरं छापली ना?'

'छापली.'

'मग राहू दे. लोण्याला बघायला तिकीट कोण काढणार? नाव खाली पडू देऊ नकोस म्हणजे झालं.'

आणि हसून निघून गेला. त्याला वाईट वाटलं नाही असं मी धरून चाललो. मला तेच हवं होतं. तू त्याच्याबरोबर एका घरात राहत होतीस, तुला खरं काय ते माहीत असणार.

मातीला आलो नाही, कारण मी तेव्हा हॉस्पिटलात होतो. जास्त काही सांगत बसत नाही.

फलकावरून 'मेंढा' काढून टाक. हवं तर माझं नावच काढ. चूक ल्यूची, पण तिचा फायदा मी घेतला, आणि ज्याची चूक नव्हती तो खाणीत गेला. त्याच्या आयुष्याचं पत्र मी खिशात घातलं, हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता सुनेला कळलं.

ग्विलिम

ता. क. बाई, हे मी, बेरिल, माझ्या मनानं लिहितेय. त्यांना वाचून दाखवणार नाही. त्यांचे हात ठणठणीत आहेत, कालच मुरंब्याच्या बरणीचं झाकण एका झटक्यात उघडून दिलं. त्यांना दिसत नाही. डावा डोळा चौतीसच्या शेवटच्या लढतीत गेला. पंधरा दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या, तुमच्या भावाची बातमी नर्सनं वाचून दाखवली म्हणे. त्या रात्री पट्ट्या ओल्या झाल्या म्हणून डॉक्टर रागावले. एका डोळ्यावर इतकी वर्षं नोकरी केली. गेल्या वर्षी उजवाही गेला, आता नुसता उजेड आणि सावली कळते. गावाला हे कळू नये अशी त्यांची फार इच्छा आहे. पण तुम्ही मातीचं लिहिलंत ते मला सहन झालं नाही.


११, बेथेल रस्ता,
कुमहेलिग
२० एप्रिल १९५८

ग्विल,

बेरिल, हे पत्र पूर्ण वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस, मला वाईट वाटेल म्हणून नको आणि त्यांना वाईट वाटेल म्हणूनही नको. तुझी ता. क. मला मिळाली. ग्विल, तुझ्या डोळ्यांचं मला कळलं आहे. सुनेवर चिडू नकोस.

महिनाभर पत्र नाही याचं कारण सांगते. तीनदा लिहिलं, तीनदा चुलीत घातलं. तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं होतं, तू कबूल करशील, मी माफ करीन आणि मोकळी होईन. मी याच तयारीत बसले होते. पण तू ल्यू पोस्टमनचं नाव घेतलंस.

ल्यूनं चूक केली नाही. त्यानं पत्र बरोबर घरी आणलं. दार मी उघडलं. मी पंधरा वर्षांची होते. ल्यू म्हणाला, 'मेंढ्याला कार्डिफहून कोण लिहितंय?' आणि पुढे गेला. मी किटलीच्या वाफेवर पाकीट उघडलं, वाचलं, पिठाची खळ लावून पुन्हा चिकटवलं. आणि वरच्या आळीत जाऊन तुमच्या दाराखालून आत सरकवलं. आत तुझ्या आईचा खोकला ऐकू येत होता.

आमच्या बाबांचं तुला माहीत आहे. तरुणपणी जत्रेतल्या बॉक्सिंगच्या तंबूत लढायचे, येईल त्याच्याशी, दिवसाला सहा-सहा लढती. चाळिशीत डोळे गेले. आठ वर्षांची असल्यापासून मी त्यांना हात धरून चॅपलला न्यायचे, ताटात मासा कुठे आणि बटाटा कुठे ते सांगायचे. ग्विलनं त्या व्हिट सोमवारी आईपासून लपून लढत केली, ती मी कुंपणावरून पाहिली होती. तो चांगला होता. फार चांगला होता. म्हणूनच मी घाबरले. मला आणखी एका माणसाचा हात धरून चॅपलला जायचं नव्हतं.

तू विचारशील, पत्र जाळलं का नाहीस? जाळलं असतं तर त्यांनी पुन्हा लिहिलं असतं. कुणीतरी ग्विलिम प्यू तिकडे गेला पाहिजे होता, म्हणजे ते शोधायचे थांबले असते. गावातल्या ग्विलिमांपैकी तू थोडा खेळणारा होतास. आणि तुझ्या आईला चार मुलगे होते, माझ्या आईला एकच. पंधराव्या वर्षी मी असा विचार केला. विचार तोच होता, तो मी बदलून लिहीत नाही.

भावाला वाईट वाटलं का, हे तू विचारलंस. वाटलं. त्यानं हातमोजे मावसभावाला देऊन टाकले आणि पुन्हा कधी दोरीच्या आत पाऊल ठेवलं नाही. पण तुझ्या किताबाच्या लढतीला इन्स्टिट्यूटमध्ये रेडिओ लावला होता तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडला. 'ऊठ मेंढ्या!' म्हणून. मी शेजारी बसले होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वर्षांनी तो छताखाली सापडला. मी डोळे वाचवले आणि माणूस गेला.

आणि तुझे डोळे गेले. माझ्या भावाचे जाऊ नयेत म्हणून मी तुला पाठवलं होतं आणि ते तुझे गेले. हे मला बेरिलच्या चार ओळींतून कळलं. मातीला आला नाहीस म्हणून इतकी वर्षं तुझा राग केला, तोही फुकट.

मला माफ कर असं लिहिणार होते. ते मागायचा हक्क आहे की नाही हे मला ठरवता येत नाही, म्हणून नुसतं सांगून थांबते.

मार्गेड


स्लाव
४ मे १९५८

प्रिय मिसेस प्रॉसर,

पत्र पोहोचलं. तुम्ही सांगितलंत तसं एकही ओळ न गाळता वाचलं. मामंजी म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग मागच्या अंगणात गेले आणि घेवड्याच्या काठ्यांना धरून उभे राहिले, पाऊस आला तरी आत येईनात. रॉनीनं हात धरून आणलं.

तेव्हापासून जेवताना मध्येच 'चार मुलगे' एवढंच म्हणतात आणि पुन्हा जेवायला लागतात. मी विचारलं, उत्तर लिहायचं का? म्हणाले, 'लिहायचं तेव्हा सांगेन.'

मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. पण चांगलंही म्हणवत नाही. त्यांचा सकाळचा चहा मी हातात देते, कपाचा कान त्यांच्या बोटांत बसवते, तेव्हा तुमचं पत्र आठवतं. तुम्ही पंधरा वर्षांच्या होता हेही आठवतं. मग कुणावर रागवावं तेच कळत नाही.

तुमच्या गावाचं नाव मी नीट लिहिलंय ना? इथला पोस्टमास्तर दर वेळी हसतो.

बेरिल प्यू


कुमहेलिग
१ जून १९५८

ग्विल,

उत्तरासाठी घाई करत नाही, पण पेंटर करतो आहे. हेडन बेनन, त्याला तू ओळखत नाहीस, त्याच्या बापाला ओळखायचास. तीन ओळी रंगवून झाल्या. 'उशिरा'ची ओळ त्यानं सगळ्यात आधी संपवली, म्हणून जेंकिनची बायको जाता-येता हसते. चौथी जागा मोकळी आहे. कमिटीला वाटतं, तू विनयानं वेळ लावतो आहेस.

गेल्या मंगळवारी मी ल्यूच्या बायकोकडे गेले. ती आता ब्याऐंशीची आहे. तिला सगळं सांगितलं. कार्डिफचं पत्र ल्यूनं चुकीच्या घरी टाकलं अशी कुजबुज तेव्हा झाली होती, म्हणून गावात अजून कुणाचं पत्र चुकलं की लोक 'ल्यूनं टाकलं वाटतं' म्हणतात, ते तिनं इतकी वर्षं ऐकलं आहे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'ल्यू मरेपर्यंत म्हणत होता, मी बरोबर घरी दिलं. मीच विश्वास ठेवला नाही गं त्याच्यावर.' मग रडली. मला चहा विचारला नाही. तिचं बरोबर होतं.

फलकावर काय लिहायचं ते तू सांग. तू म्हणशील ते अक्षरशः रंगवून घेईन. काहीच नको म्हणालास तर जागा मोकळी राहील आणि ती का मोकळी आहे हे मी त्या दिवशी सगळ्यांना सांगेन. सचिवपदाचा राजीनामा लिहून ठेवला आहे, अनावरणानंतर देईन.

मार्गेड


स्लाव
९ जून १९५८

मार्गेड,

पहिले आठ दिवस तुला शिव्या दिल्या. सगळ्या आपल्या वेल्श भाषेत, म्हणजे बेरिलला कळू नयेत. तिला कळल्याच, सूर कुठल्याही भाषेत तोच असतो म्हणाली.

अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला चोर समजत होतो. आता कळतंय की मी चोर होतो तो होतोच, पण चोरी माझ्या दारात आणून ठेवलेली होती. त्यानं बरं वाटावं की वाईट, हे ठरवायला महिना लागला. अजून पुरतं ठरलेलं नाही.

काही गोष्टी मात्र ठरल्यात, त्या सांगतो. डोळे तुझ्यामुळे गेले नाहीत. चौतीसच्या वसंतात डॉक्टरनं सांगितलं होतं, थांब. मी त्यानंतर दोन लढती घेतल्या, कारण मला मेंढा राहायचं होतं. दाराखालून पत्र तू सरकवलंस, पण शनिवारची गाडी मी पकडली, कुणी ढकलून बसवलं नाही. ते माझं आहे, ते तू आपल्या डोक्यावर घेऊ नकोस. तुझ्या भावावर छत पडलं तेही तुझं नाही. तो बॉक्सर झाला असता तर जगला असता की माझ्यासारखा भिंत चाचपत चालला असता, हे कोण सांगणार?

पण 'चार मुलगे' ते तुझं आहे. ते मला लागलं आणि अजून लागतंय. माझा पट्ट्या बांधलेला चेहरा पाहून आई हॉस्पिटलात काय म्हणाली ते तुला सांगणार नाही. तिला चार होते मार्गेड, त्यात एकही जास्तीचा नव्हता.

माफीचं म्हणशील तर आत्ता नाही. येईल असं वाटतं. कधी ते सांगत नाही, खोटं सांगायची सवय मोडायची आहे.

फलकावर हे लिही, तुझ्या नियमाप्रमाणे ओळीसकट:

'ग्विलिम प्यू, "लोणी". ब्रिटिश लाइटवेट विजेता, १९३२ ते १९३४. आई लोणी विकायची म्हणून.'

आणि त्याच्याच खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, बारीक नाही:

'ग्विलिम प्यू, "मेंढा". याच्या नावानं वरचा लढला. शिंगं सोडली नाहीत म्हणून.'

जिंकलेला नसताना त्याचं नाव कसं, असं कमिटी म्हणेल. त्यांना म्हणावं, मग दोघांचंही काढा.

दुसरं. राजीनामा फाडून टाक. सचिव राहून त्या दिवशी तू फलक मोठ्यानं वाच. मला तो दिसणार नाही, तेव्हा कुणीतरी वाचायलाच हवा. दोन्ही ओळी वाच, आणि त्यानंतर पत्र कुणी आणलं, कुणी उघडलं, कुणी सरकवलं आणि कुणी खिशात घातलं, तेही सांग. ल्यूच्या बायकोला पहिल्या रांगेत बसव. माझ्या वाट्याचं मी उभा राहून बोलेन. मला दिसत नाही हेही गावाला त्याच दिवशी कळू दे, लपवून दमलो. त्यानंतर तुझ्या घरी चहा घेईन. तो मिळेल असं धरून चालतो.

प्रवास झेपणार नाही असं मी फेब्रुवारीत लिहिलं होतं, ते खोटं होतं. २८ तारखेला सकाळच्या गाडीनं बेरिलबरोबर निघतो, दीडला पोहोचू. बेरिलला तुमचं स्टेशन माहीत नाही आणि मला आता ते ओळखता येणार नाही. गर्दीत माझा हात धरायला धावत येऊ नकोस, ते तू पुष्कळ केलंयस. एका जागी उभी राहा आणि 'लोणी' म्हणून हाक मार. मोठ्यानं मार, लोक बघतील तर बघू देत. आई गेल्यापासून त्या नावानं मला कुणी बोलावलेलं नाही. आवाजाच्या दिशेनं मी माझा चालत येईन.

ग्विल